मासा किती धरून ठेवतो? (लॅबमधून, २८ दिवस आणि त्यापुढे)

तळ्यातमळ्यात | रविवार, रात्री ९:१२

नदीवरच्या फेसाच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, "अमुक रसायन माशात साठतं असं म्हणतात, ते ठरवतं कोण आणि कसं?" तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. गेली सहा वर्षं मी हेच काम करते. लॅबचं नाव आणि गाव विचारू नका, सांगणार नाही.

ऐकायला काम सोपं आहे. काचेच्या टाकीत मासे, पाण्यात अगदी थोडं रसायन. ठरल्या दिवशी थोडे मासे काढायचे, पाण्यात किती आहे आणि माशात किती आहे ते मोजायचं. माशातला आकडा भागिले पाण्यातला आकडा, याला बीसीएफ म्हणतात. पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम आणि माशात किलोला २००० मायक्रोग्रॅम असेल तर बीसीएफ २०००. युरोपच्या कायद्यात २००० च्या वर गेलं की 'साठणारं', ५००० च्या वर गेलं की 'फार साठणारं'. स्टॉकहोम करारातही (निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) ५००० चाच आकडा आहे.

पद्धत जगभर बहुतेक एकच, ओईसीडी या प्रगत देशांच्या संघटनेची, ३०५ नंबरची. १९८१ पासून आहे, १९९६ मध्ये आणि २०१२ मध्ये सुधारली. तिचे दोन टप्पे. पहिला 'अपटेक', सहसा २८ दिवस, म्हणजे मासे रसायनाच्या पाण्यात. दुसरा 'डेप्युरेशन', म्हणजे उरलेले मासे स्वच्छ पाण्यात. आईला सांगताना मी भरती आणि ओहोटी म्हणते. तिला ते पटकन कळलं, आमच्या एका साहेबांना अजून कळलेलं नाही.

पाणी साठवून ठेवायचं नाही, ते सतत वाहतं. दिवसातून साधारण पाच वेळा टाकीतलं सगळं पाणी बदलेल इतका प्रवाह. पाण्यात जास्तीत जास्त जितका ऑक्सिजन विरघळू शकतो त्याच्या ६० टक्क्यांच्या खाली तो जाऊ द्यायचा नाही, तापमान दोन अंशांपेक्षा जास्त हलू द्यायचं नाही. आणि सगळ्यात छळवादी अट: पाण्यातलं रसायन त्याच्या सरासरीच्या वीस टक्के वर-खाली, याच पट्ट्यात राहिलं पाहिजे. पूर्ण अपटेकभर.

माशांना रोज वजनाच्या १ ते २ टक्के खाणं. अर्ध्या तासाने सायफन घेऊन बसायचं आणि तळाशी पडलेलं उरलेलं खाणं, विष्ठा सगळं ओढून काढायचं. नव्या मुलांना वाटतं हे स्वच्छतेसाठी. स्वच्छतेसाठी नाही हो. रसायन तेलात विरघळणारं असलं की ते पाण्यात राहण्यापेक्षा त्या चिखलाला चिकटून बसतं. मग पाण्याच्या नमुन्यात आकडा दिसतो, पण त्यातलं अर्धं माशाच्या कल्ल्यातून आत जाऊच शकत नाही.

पहिल्याच वर्षी याचा इंगा मला दिसला. असंच एक तेलकट रसायन होतं. पंप बरोबर, वजनं बरोबर, द्रावण बरोबर. तरी टाकीत पोचायला हवं त्याच्या ६० टक्केच सापडायचं. तीन दिवस मी स्वतःलाच दोष देत होते. चौथ्या दिवशी तंत्रज्ञ मामा आले, त्यांनी पंपापासून टाकीपर्यंतची मऊ, दुधाळ नळी दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "हे कोणी लावलं?" सिलिकॉनची नळी होती. रसायन तीच पीत होती. कोणीतरी टेफ्लॉनची संपली म्हणून लावली होती, आणि खरेदी विभागाने 'नळी म्हणजे नळी' असं म्हणून बिल पास केलं होतं. सगळा प्रयोग रद्द. मासे फुकट गेले. त्या दिवशी मी जेवले नाही.

विचारा काय विचारायचं ते.

---

सुगरणबाई | रविवार, रात्री ९:४०

छान लिहिलंय. मासे कुठले वापरता? बांगडा-सुरमई नसणारच म्हणा, ते खारे.

---

तळ्यातमळ्यात | रविवार, रात्री ९:५५

ताई, गोड्या पाण्यातलेच. पद्धतीत यादी आहे: झेब्राफिश, कॉमन कार्प (आपल्याकडे सायप्रिनस म्हणतात तो), जपानचा मेडाका, गप्पी, अमेरिकेचा ब्लूगिल आणि फॅटहेड मिनो, थंड पाण्याचा रेनबो ट्राउट. आम्ही बहुतेक वेळा झेब्राफिश किंवा सायप्रिनस घेतो. झेब्राफिश तर आपल्याच उपखंडातला, ओढ्यात, भातखाचरात सापडणारा. बोटाच्या पेराएवढा. जगभरच्या लॅबमध्ये फिरून तो परत आपल्याकडे डब्यातून येतो.

आल्या आल्या कामाला लावत नाही. निदान दोन आठवडे नुसतं रुळू द्यायचं. त्यातल्या सात दिवसांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त मेले तर अख्खी तुकडी बाद. पाच टक्क्यांच्या आत मेले तर ठीक.

---

शंकासुर | रविवार, रात्री १०:३१

काडी टाकतो. पैसे कंपनी देते, लॅब कंपनीचं ऐकते, मग आकडा ५००० च्या वर येईलच कशाला? मासाही हुशार असणार.

---

गणिती_गाढव | रविवार, रात्री ११:०८

ताई, मला दुसरंच विचारायचंय. २८ दिवसच का? २८ व्या दिवशी भरायचं थांबलं नसेल तर? तुमचा भागाकार तर मग खोटाच.

---

तळ्यातमळ्यात | सोमवार, सकाळी ७:२०

गाढवा (हे नाव तुम्हीच घेतलंय, मला दोष नको), नेमक्या जागी बोट ठेवलंत.

भरती थांबली हे ओळखायची एक खूण आहे. निदान दोन-दोन दिवसांच्या अंतराने काढलेले लागोपाठचे तीन नमुने एकमेकांच्या २० टक्क्यांत आले की 'स्थिरावलं' म्हणतात. २८ दिवसांत नाही झालं तर अपटेक ६० दिवसांपर्यंत लांबवता येतो. पण काही रसायनं ६० दिवसांतही स्थिरावत नाहीत. म्हणून दुसरा रस्ता: आत यायचा वेग काढायचा, बाहेर जायचा वेग काढायचा, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. आत यायच्या वेगाला के-वन, बाहेर जायच्याला के-टू. के-टू मिळतो ओहोटीतून, म्हणून ओहोटी हवीच.

निघते, टाक्यांना खाणं घालायचंय. बाकीचं तुम्हीच करा गणित.

---

गणिती_गाढव | सोमवार, दुपारी १:१५

करतो. आकडे मनचे आहेत, कोणाच्या अहवालातले नाहीत.

समजा के-टू दिवसाला ०.१०. म्हणजे माशातलं निम्मं रसायन जायला साधारण ७ दिवस. अशा वेळी २८ दिवसांत भरती ९४ टक्के होते. चालेल.

आता के-टू ०.०१ घ्या. निम्मं जायला ६९ दिवस. २८ दिवसांत भरती फक्त २४ टक्के. म्हणजे त्या दिवशी सरळ भागाकार केला तर बीसीएफ खऱ्याच्या पावपट येतो. जे रसायन सगळ्यात चिवट, तेच २८ दिवसांच्या भागाकारात सगळ्यात गरीब दिसतं! ताईंचा दुसरा रस्ता का लागतो ते आत्ता कळलं.

---

जुना_रंगारी | सोमवार, दुपारी ३:४७

धागा उत्तम. मी रंगांच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, आता निवृत्त. आमच्या काळात हे सगळं एका आकड्यावर चालायचं: लॉग पी. रसायन पाण्यात आणि ऑक्टॅनॉल नावाच्या तेलकट अल्कोहोलात घालून हलवायचं, कुठे जास्त जातं ते बघायचं. ऑक्टॅनॉल म्हणजे माशाची चरबी असं समजायचं. १९७९ साली एक साधं सूत्र आलं: लॉग पीला ०.८५ ने गुणा आणि ०.७० वजा करा, बीसीएफचा लॉग मिळतो. लॉग पी ४ असेल तर बीसीएफ ५०० च्या आसपास, ५ असेल तर साडेतीन हजार.

मला अजूनही ते सूत्र आवडतं. पण मासा म्हणजे ऑक्टॅनॉलची बाटली नव्हे, हे उशिरा कळलं. त्याला यकृत आहे. काही रसायनं कागदावर भयंकर दिसतात आणि मासा ती फोडून लघवीवाटे, पित्तावाटे बाहेर टाकतो. उलट लॉग पी ६ च्या पुढे गेलं की पाण्यात उरतंच इतकं कमी आणि रेणू इतका बोजड, की आकडा चढायच्या ऐवजी घसरायला लागतो.

---

तळ्यातमळ्यात | सोमवार, रात्री ९:०३

रंगारीकाका, अगदी. म्हणून ३०५ मधली पाण्यातली चाचणी मुख्यतः लॉग पी दीड ते सहा यांच्यासाठी. त्यापुढच्या रसायनांना २०१२ च्या सुधारणेत वेगळी वाट दिली: पाण्यातून न देता खाण्यात मिसळून देतात. ७ ते १४ दिवस तेच खाणं, मग साधं खाणं. तिथे बीसीएफ मिळत नाही, खाण्याच्या मानाने माशात किती वाढलं ते मिळतं.

आता शंकासुरांची काडी. उत्तर लांबणार आहे, पाणी पिऊन या.

आमचा प्रत्येक आकडा कच्च्या वहीत तारीख-सहीसकट असतो, खोडायचं तर एक रेघ मारून कारण लिहून खोडायचं. गुणवत्तावाले अचानक टाकीपाशी येऊन उभे राहतात. भारतात ही देखरेख करणारी राष्ट्रीय यंत्रणा २००२ पासून आहे, आणि २०११ पासून आपल्या मान्यताप्राप्त लॅबचे अहवाल ओईसीडी देशांत चालतात. त्यामुळे मासा बदलून आकडा बदलणं वाटतं तितकं सोपं नाही.

पण आकडा न बदलता निकाल बदलता येतो. आणि त्यात खोटं काही नसतं. गाढवभाऊंचेच मनचे आकडे घेते.

के-वन ४००, के-टू ०.१०. बीसीएफ ४०००. म्हणजे 'साठणारं', पण 'फार साठणारं' नाही.

थांबा. प्रयोग चालू असताना मासे वाढतात. मासा मोठा झाला की तेवढंच रसायन जास्त मांसात पसरतं आणि किलोमागे कमी दिसतं. रसायन गेलेलं नसतं, पातळ झालेलं असतं, आमटीत पाणी घातल्यासारखं. समजा मासे दिवसाला ३ टक्क्यांनी वाढतायत. (तीन टक्के कमी वाटतात, पण त्या वेगाने मासा २३ दिवसांत दुप्पट होतो.) मग के-टूच्या ०.१० पैकी ०.०३ नुसती वाढ आहे, खरी ओहोटी ०.०७. आता ४०० भागिले ०.०७ करा: ५७१४. झालं, 'फार साठणारं'.

अजून थांबा. रसायन बसतं चरबीत. माझे सायप्रिनस खाऊन-पिऊन सुखी, चरबी ८ टक्के. दुसऱ्या लॅबचे वाळके, ३ टक्के. तुलना कशी करणार? म्हणून सगळ्यांनी ५ टक्के चरबीच्या माशावर आणून लिहायचं. ५७१४ ला ५ ने गुणून ८ ने भागा: ३५७१. परत रेषेच्या आत!

एकच टाकी, तेच मासे, तेच पाणी. ४०००, ५७१४, ३५७१. तिन्ही खरे. २०१२ पासून वाढ आणि चरबी दोन्ही मोजून लिहायची सक्ती आहे. पण त्याआधीचे ढीगभर जुने अहवाल आहेत, ज्यात चरबी मोजलेलीच नाही, आणि तेच अहवाल आजही टेबलावर येतात. तुम्हाला शंका घ्यायचीच असेल तर माशावर घेऊ नका, कंपनीवरही नंतर घ्या. आधी विचारा, कशाने भागलंय?

---

शंकासुर | सोमवार, रात्री ९:४१

मान्य. आमटीचं उदाहरण चोरणार आहे.

---

सुगरणबाई | सोमवार, रात्री १०:१०

८ टक्के चरबी कळते कशी? माशाला चिमटा काढून?

---

तळ्यातमळ्यात | सोमवार, रात्री १०:२६

ताई, मासा जिवंत राहत नाही. ठरलेल्या दिवशी निदान चार मासे जाळीने काढायचे, साध्या पाण्यातून झटकन फिरवायचे, टिपकागदाने टिपायचे, लगेच मारायचे, वजन करायचं. मग बारीक करून क्लोरोफॉर्म-मेथॅनॉलमध्ये चरबी ओढून घ्यायची, द्रावण उडवायचं आणि तळाशी राहिलेली चरबी तोलायची. भांड्याच्या तळाला पिवळसर थेंब दिसतो. झेब्राफिशचा इतका छोटा की वजनकाट्यासमोर श्वास रोखून बसावं लागतं.

अपटेकमध्ये निदान पाच वेळा नमुने, ओहोटीत निदान चार वेळा. वर रसायन न घातलेली टाकी वेगळी. सगळं धरून एका चाचणीला शंभराहून जास्त मासे जातात. हे लिहायचं टाळत होते.

---

फुकुओकाकर | मंगळवार, सकाळी ६:३२

उशिरा आलो. मी जपानात राहतो, या क्षेत्रातला नाही, पण ही चाचणी कायद्यात आली ती इथल्याच एका जखमेतून, म्हणून लिहितो.

१९६८ मध्ये आमच्या या फुकुओका प्रांतात आणि पश्चिम जपानात लोकांना अंगभर पुरळ, डोळ्यांतून चिकट स्राव, नखं काळी असं व्हायला लागलं. कारण निघालं तांदळाच्या कोंड्याचं तेल. कारखान्यात तेल गरम करायच्या नळ्यांमधून पीसीबी (उष्णता वाहून न्यायला वापरायचं क्लोरीनयुक्त रसायन) गळून तेलात मिसळलं होतं. या आजाराला इथे 'युशो' म्हणतात, तेलाचा आजार. लोकांना धक्का याचा होता की पीसीबी लगेच मारणारं विष नव्हतं, ते अंगातून जात नव्हतं. त्यानंतर १९७३ मध्ये जपानने रसायनांचा कायदा केला: नवीन रसायन बाजारात आणायच्या आधी ते निसर्गात तुटतं का आणि माशात साठतं का, हे दाखवा. साठण्याची चाचणी सायप्रिनसवर. या प्रांतातल्या कुरुमे गावची प्रयोगशाळा याच कामासाठी प्रसिद्ध आहे.

इथे सायप्रिनसला 'कोई' म्हणतात. देवळांच्या तळ्यात असतात ते रंगीत. रविवारी पोरीला घेऊन त्यांना खाणं घालायला जातो, आता तुमचा धागा आठवणार.

---

भीमाकाठ | मंगळवार, सकाळी ११:५०

नमस्कार मंडळी. मी भिगवणच्या बाजारात मासळीचा व्यापार करतो. उजनीचा माल. आमच्याकडे आता चिलापीच जास्त, रोहू-कटला-मरळ त्या मानाने कमी. दर पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी व्हिडिओ टाकतं, पुण्याचं घाण पाणी, मासा खाऊ नका. गिऱ्हाईक तुटतं. मला ताईंना सरळ विचारायचंय. तुमच्या या चाचणीने आमच्या चिलापीचं खरं-खोटं होईल का?

---

तळ्यातमळ्यात | मंगळवार, रात्री ८:४४

दादा, सरळ विचारलंत, सरळ सांगते. नाही होणार.

माझ्या टाकीत एक रसायन, स्वच्छ पाणी, ठरलेलं खाणं. मी फक्त एवढं सांगू शकते की हे रसायन माशात शिरतं किती आणि टिकतं किती. तुमच्या चिलापीच्या पाण्यात मुळा-मुठेतून काय काय येतं, ती तळातला गाळ किती उकरते, शेवाळ किती खाते, वय किती, यातलं काही माझ्या टाकीत नाही. तुमचा प्रश्न सोडवायचा तर तुमचाच मासा धरून, त्याच्या मांसात काय आहे ते थेट मोजावं लागेल. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या ठिकाणी. एका माशाचा एक आकडा व्हिडिओवाल्याच्याही कामाचा नाही आणि तुमच्याही.

आणि धातूंचं तर वेगळंच. कोणी म्हणालं 'जस्ताचा बीसीएफ इतका मोठा', तर घाबरू नका. जस्त, तांबं माशाला लागतंच, तो ते गरजेप्रमाणे धरतो. पाणी जितकं स्वच्छ तितका भागाकार मोठा दिसतो, आणि पाणी घाण झालं की छोटा! धातूंना हा आकडा लावणंच चूक.

---

भीमाकाठ | मंगळवार, रात्री ९:१५

समजलं ताई. म्हणजे मोजणारा आला पाहिजे, आणि वर्षभर आला पाहिजे. एकदा फोटो काढून जाणारे खूप येतात.

---

सुगरणबाई | मंगळवार, रात्री ९:३०

माझा घरगुती प्रश्न. तळल्या-शिजवल्याने हे जातं का? सासूबाई म्हणतात हळद-मीठ चोळून पाणी टाकलं की सगळं निघतं.

---

जुना_रंगारी | मंगळवार, रात्री १०:०२

सासूबाईंचा मान राखून सांगतो, वास निघतो, हे नाही निघत. चरबीत बसणारं रसायन असेल तर कातडं आणि पोटाची चरबी काढून टाकली, भाजताना तेल गळू दिलं, तर काही भाग कमी होतो. रस्सा केला तर ते रश्श्यात उतरतं आणि आपण भाताबरोबर खातो.

पण सगळंच चरबीत बसत नाही. मिथाइल पारा मांसाच्या प्रथिनांना धरून बसतो. चरबी काढा, उकळा, तळा, तो तिथेच.

---

फुकुओकाकर | मंगळवार, रात्री १०:४८

रंगारीकाकांना अनुमोदन. मिनामाता इथून दक्षिणेला, याच क्यूशू बेटावर. १ मे १९५६ ला त्या आजाराची अधिकृत नोंद झाली, आणि कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी १९६८ पर्यंत खाडीत जातच राहिलं. लोक रोज ताजा मासा खायचे, चांगला शिजवून. त्यांची मांजरं आधी वेडीवाकडी नाचायला लागली होती.

---

शंकासुर | बुधवार, सकाळी ८:१७

पुन्हा काडी, पण या वेळी मनापासून. एंडोसल्फान या कीटकनाशकाचं काय? केरळात कासरगोडच्या काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने फवारलं. स्टॉकहोमच्या बैठकांत आपलाच देश विरोध करत होता. माशातला बीसीएफ ५००० च्या खाली आहे ना, मग कशाला बंदी, असं म्हणणारे होते. तरी २०११ मध्ये कराराच्या बंदीच्या यादीत आलंच. मग तुमची रेषा कसली?

---

तळ्यातमळ्यात | बुधवार, रात्री ९:२०

हा प्रश्न मला कामावर रुजू झाल्यापासून छळतो, बरं झालं विचारलात.

एंडोसल्फानचे माशांमधले बरेचसे आकडे १००० ते ३००० या पट्ट्यात होते, हे खरं. पण मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. रसायन जरा जरी पाण्यात विरघळणारं असेल तर तो ते कल्ल्यांतून धरणाच्या दारासारखं सोडून देतो, सतत. सील, अस्वल, गाय, माणूस, आपण हवेत श्वास घेतो. जे रसायन पाण्यात सहज जातं पण हवेत सहज उडत नाही, ते माशातून निसटतं आणि आपल्यात अडकतं. एंडोसल्फान त्यातलंच. म्हणून करारात ५००० हा एकच दरवाजा नाही, बाकीचा पुरावाही बघतात. आर्क्टिकसारख्या जिथे कोणी कधी फवारलं नाही तिथल्या प्राण्यांत ते सापडलं, हेही मोजलं गेलं.

तसंच पीएफओएस, न चिकटणाऱ्या आणि डाग न धरणाऱ्या लेपांच्या कुटुंबातलं. ते चरबीत बसतच नाही, रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना धरतं. त्याला ऑक्टॅनॉलचं गणितही लागत नाही आणि माझी ५ टक्के चरबीची दुरुस्तीही. २००९ मध्ये यादीत आलं.

मासा सांगतो ते माशापुरतं खरं सांगतो. आपण त्याच्याकडून भलतंच कबूल करून घ्यायला जातो.

---

गणिती_गाढव | बुधवार, रात्री ९:५८

अवांतर: गिधाडं? डायक्लोफेनॅक साठल्यामुळे गेली ना ती?

---

जुना_रंगारी | बुधवार, रात्री १०:२०

नाही, आणि ही गल्लत सगळेच करतात. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडाने ते खाल्लं, त्या एका जेवणातच त्याचं मूत्रपिंड निकामी झालं. वर्षानुवर्षं साठावं लागलं नाही. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक आपल्याकडे २००६ मध्ये बंद झालं. साठणं वेगळं, विषारी असणं वेगळं. दोन्ही एकत्र आले की पीसीबी होतं.

---

सुगरणबाई | गुरुवार, दुपारी १२:०५

शंभर मासे मारायचे एका रसायनासाठी, हे डोक्यातून जात नाहीये. दुसरा काही उपाय नाही का? वाईट वाटून घेऊ नका ताई.

---

तळ्यातमळ्यात | गुरुवार, रात्री ९:३६

वाईट काय वाटायचं, मीच रोज विचारते.

आहे, हळूहळू येतोय. २०१८ मध्ये ओईसीडीने दोन पद्धती मान्य केल्या: ट्राउटच्या यकृताच्या पेशी किंवा त्यांचा अर्क काचेच्या नळीत घ्यायचा आणि रसायन किती वेगाने फोडलं जातं ते बघायचं. एका माशाच्या यकृतातून बऱ्याच नळ्या भरतात. त्यावरून बीसीएफचा अंदाज बांधता येतो. २०२४ मध्ये हायलेला नावाच्या छोट्या, कोळंबीच्या नात्यातल्या प्राण्यावरची पद्धत आली. शिवाय ३०५ मध्येच आता दोनऐवजी एकच मात्रा पुरते, तेवढे मासे वाचतात.

तरी शेवटी कोणीतरी म्हणतं, पण खऱ्या माशात काय झालं? आणि ऑर्डर येते.

एक सांगते, कोणाला सांगू नका. टाकीपाशी गेलं की सायप्रिनस काचेला येऊन चिकटतात, तोंडं उघडमिट करत. खाणं देणारा हात ओळखतात. नमुन्याच्या दिवशी मी जाळी मागे धरून जाते आणि दुसऱ्या बाजूने मामा उभे राहतात. कागदोपत्री याचं कारण 'माशांना कमीत कमी त्रास' असं आहे.

---

शंकासुर | गुरुवार, रात्री १०:०२

...

आज काडी नाही.

---

भीमाकाठ | शुक्रवार, सकाळी ५:४०

बाजार उघडायच्या आधी वाचला धागा. ताई, आमच्याकडेही काटा लावताना मासा जिवंत असला की पोरं तोंड फिरवतात. सवय होते म्हणतात. मला अजून झाली नाही.

तुमचे ते रुळायला ठेवलेले मासे कुठून आणता? आमच्याकडे सायप्रिनसचं बोटुकली मिळतं, चांगल्या हॅचरीचं.

---

तळ्यातमळ्यात | शुक्रवार, रात्री ८:५१

दादा, आमचे एकाच जागचे, एकाच वयाचे आणि कुठलं औषध न घातलेले लागतात. हॅचरीवाल्याने वाटेत जंतुनाशक टाकलं की माझे दोन आठवडे वाया. तरी व्यक्तिगत निरोप करा, पाण्याचे कागद असतील तर बघते.

नवी तुकडी सोमवारी येतेय. या वेळी रसायन लॉग पी ५.२ चं आहे, पुन्हा तेलकट. आज संध्याकाळी मामांबरोबर प्रत्येक नळी हाताने चाचपून बघितली. सगळ्या टेफ्लॉनच्या आहेत. एक सोडून. ती कोणी लावली, याची चौकशी चालू आहे.